राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल: ऑनलाइन पाठलागाच्या तक्रारीला किती कामाचं?

इंस्टाग्रामवर खोटी प्रोफाइल, व्हॉट्सअॅपवर रात्री-अपरात्री मेसेज, नंबर बदलून पुन्हा तेच, फोटो व्हायरल करण्याची धमकी. अशा छळासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल कितपत उपयोगी पडतं, तेवढंच या परीक्षणात पाहिलं आहे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. तारीख-वेळेसह सरकारदरबारी नोंद व्हावी यासाठी ते चांगलं आहे, फोटो किंवा प्रोफाइल लवकर उतरवून घ्यायला कमकुवत आहे, आणि एफआयआर ते करत नाही. पाचपैकी तीन गुण. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाईने किंवा मुलीने ते वापरावंच, पण कोणत्या क्रमाने वापरायचं ते माहीत करून. बहुतेक तक्रारी पोर्टलमुळे अडकत नाहीत. पोर्टल उघडण्याआधी घाबरून जे केलं जातं, त्यामुळे अडकतात.

थोडी पार्श्वभूमी. २०१८ मध्ये हे पोर्टल फक्त महिला आणि बालकांविषयीच्या अश्लील मजकुराच्या तक्रारींसाठी सुरू झालं. ३० ऑगस्ट २०१९ पासून सगळ्या सायबर गुन्ह्यांसाठी खुलं झालं. पत्ता सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन. सोबतचा १९३० हा हेल्पलाइन नंबर मुळात पैशांच्या फसवणुकीसाठी उभा केलेला आहे. खात्यातून गेलेली रक्कम पुढच्या बँकेत गोठवणं हे त्याचं खरं बळ, आणि त्यात तो उपयोगी पडतो. पाठलागाच्या तक्रारीत तिथून मार्गदर्शनापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो, समोर नग्न बाई दिसते, काही सेकंदांत कॉल बंद होतो आणि मग रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागितले जातात. या सापळ्यात गावाकडचे पुरुषही मोठ्या संख्येने सापडतात आणि लाजेने गप्प राहतात. यात एक रुपया जरी गेला असेल तरी आधी १९३०, लगेच, आणि पोर्टल नंतर. पुढे ‘सीबीआय’ किंवा ‘यूट्यूब ऑफिस’च्या नावाने येणारा फोनही त्याच टोळीचा असतो. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, उलट वाढते.

आता पुरावा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

त्रास सुरू झाला की पहिला सल्ला मिळतो, ‘ब्लॉक कर, डिलीट कर’. ब्लॉक जरूर करायचं, पण पुरावा घेऊन झाल्यावर. आधीच ब्लॉक केलंत तर ती प्रोफाइल उघडणं आणि तिची लिंक मिळवणं अवघड होऊन बसतं. रिपोर्ट केल्यावर कंपनीने खातं काढून टाकलं, तर दाखवायला तुमच्या हातात काहीच उरत नाही. तोवर चॅट म्यूट करा, आर्काइव्हमध्ये टाका. इंस्टाग्रामला ‘रिस्ट्रिक्ट’ची सोय आहे, ती लावल्याचं समोरच्याला कळत नाही.

स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, त्रास देणाऱ्याच्या प्रोफाइलवर जा, युजरनेम दिसू द्या, लिंक कॉपी करून एका कोऱ्या नोटमध्ये पेस्ट करा, मग चॅट अगदी सुरुवातीपासून हळूहळू खाली आणा. इंस्टाग्रामवर मेसेजची नेमकी वेळ एरवी दिसत नाही. चॅट बोटाने डावीकडे ओढली की दिसते. प्रोफाइलच्या मेनूत ‘या खात्याविषयी’ हा भाग असतो. खातं कधी उघडलं, ते तिथे कळतं. त्याचाही शॉट घ्या. युजरनेम कोणीही दिवसातून दोनदा बदलू शकतो, म्हणून नुसतं नाव लिहून दिलेली तक्रार तपासात लंगडी पडते. लिंक हवीच.

व्हॉट्सअॅपमध्ये वेगळी अडचण येते. नंबर ‘त्रास नको’ अशा नावाने सेव्ह केलेला असेल तर शॉटमध्ये नंबर दिसतच नाही. संपर्काची माहिती उघडून पूर्ण नंबर दिसणारा शॉट घ्या. मग ‘एक्सपोर्ट चॅट’ करून फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवा. त्यात प्रत्येक मेसेजची तारीख-वेळ ओळीने येते. शॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. मैत्रिणीला पाठवायचे असतील तर फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेले की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं आणि मूळ फाइलची माहिती निघून जाते. ज्या फोनवर मेसेज आले तो फोन फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन हाती असला की ते काम सोपं होतं.

प्रिंट काढायला बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर सगळे शॉट पाठवून मोकळे होतात. तसं करू नका. तालुक्याच्या गावात ते किती हातांतून फिरतील, सांगता येत नाही. पेनड्राइव्हवर न्या, समोर उभं राहून प्रिंट काढून घ्या, त्यांच्या संगणकावर कॉपी केलेलं तुमच्यासमोर पुसायला लावा, रिसायकल बिनसुद्धा. दुकानात व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर फोनमधून ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तिथलं लॉगिन बंद करा.

वेळेचा एवढा आग्रह का? मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी ओळखणारा क्रमांक, एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. पोलिसांनी कंपनीला ‘संध्याकाळी साधारण आठला हा आयपी कोणाकडे होता’ असं विचारलं तर उत्तरात नावांची भली मोठी यादी येते. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर (त्या आयपीवरच्या ग्राहकांना वेगळं ओळखणारा आकडा) असेल तरच ती एका सिमपर्यंत उतरते. दुसरी गोष्ट मुदतीची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यमांना, काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी माहिती तपासासाठी १८० दिवस जपायला सांगितली आहे. कॉलेजची परीक्षा होऊ दे, लग्नसराई उरकू दे, असं म्हणत सहा महिने घालवले की ही माहिती मिळण्याची खात्री राहत नाही.

पोर्टलचा अर्ज हा या परीक्षणाचा मुख्य भाग. तक्रारीचा प्रकार निवडतानाच घोळ होतो. ‘महिला आणि बालकांविषयीचे गुन्हे’ या नावामुळे प्रत्येक बाई तिथेच जाते. तो विभाग मुख्यतः लैंगिक, अश्लील मजकुरासाठी आहे. नग्न फोटो, मॉर्फ केलेला म्हणजे चेहरा जोडून बनवलेला फोटो, तसा व्हिडिओ असेल तर तिथेच जा. नुसते सततचे मेसेज, पाळत, धमक्या, खोटी प्रोफाइल असेल तर ‘इतर सायबर गुन्हे’मध्ये ऑनलाइन आणि समाजमाध्यमांचा गट आहे. त्यात सायबर बुलिंग (ऑनलाइन छळ), स्टॉकिंग (पाठलाग) आणि सेक्स्टिंग (लैंगिक मेसेज, फोटो पाठवणं) असा एकत्र पर्याय आहे, खोट्या प्रोफाइलचा पर्याय स्वतंत्र आहे. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी एका पर्यायात कोंबणं ही या पोर्टलची मोठी उणीव आम्हाला वाटते. पाठलाग हा कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला स्वतंत्र जागा हवी होती.

महिला-बालक विभागात नाव न देता तक्रार करायची सोय आहे. दुसऱ्या कोणाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरताना दिसला आणि ते कळवायचं आहे, तर ती सोय उत्तम. स्वतःच्या तक्रारीसाठी मात्र ती घेऊ नका, कारण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही आणि तपास अधिकाऱ्याला तुमच्याशी बोलता येत नाही. नोंदणी करून ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’नेच जा.

घटनेचं वर्णन लिहायच्या चौकटीत किमान २०० अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत. लिंका या चौकटीत घालायला गेलात तर अडखळाल, त्या त्यांच्या रकान्यात टाका. मजकूर आधी नोटमध्ये तयार ठेवा: कोण (माहीत असल्यास), कोणत्या माध्यमावर, कोणत्या लिंकवरून किंवा नंबरवरून, पहिल्यांदा कधी, शेवटचा मेसेज कधी, नेमकी धमकी काय, तुम्ही नकार कधी आणि कोणत्या शब्दांत दिला. भावना लिहायला हरकत नाही, पण या सात गोष्टींनंतर. तक्रारीला उशीर झाला का असाही प्रश्न येतो. ‘भीतीपोटी आणि घरच्यांना कळेल म्हणून’ हे खरं कारण असेल तर तेच लिहा, ते कमीपणाचं नाही. सविस्तर मराठी अर्ज कागदावर लिहून त्याचं स्कॅन जोडलंत तर तपास अधिकाऱ्याचंही काम हलकं होतं.

नोंदणीचा ओटीपी आणि पुढचे एसएमएस ज्या मोबाइलवर येतात, त्याचा आधी विचार करा. आपल्याकडे बऱ्याच बायकांचं सिम नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असतं, फोनही घरात सगळे हाताळतात. त्रास देणारा घरातला किंवा नात्यातला असेल तर तक्रारीचा पहिला एसएमएस त्याच्याच हाती पडेल. विश्वासातल्या मावशीचा, मैत्रिणीचा किंवा शिक्षिकेचा नंबर तिला विचारून वापरा.

जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडतानाही थांबून विचार करा. खान्देशातली कितीतरी कुटुंबं सुरतेत कामाला आहेत, आधारवर पत्ता अमळनेरचा किंवा शहाद्याचा असतो. रावेर-यावलच्या मुली बऱ्हाणपूरला शिकायला जातात. तक्रार निवडलेल्या राज्याच्या, जिल्ह्याच्या पोलिसांकडे जाते. म्हणून जिथे जबाबाला तुम्हाला प्रत्यक्ष हजर राहता येईल तो जिल्हा निवडा. धडगाव, अक्कलकुव्याकडून नंदुरबारला जबाबासाठी येणं म्हणजे अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी. हा भार पोर्टलने कमी केलेला नाही, आणि डोंगरपट्ट्यात जिथे रेंजच मिळत नाही तिथल्या मुलीला या सेवेचा फायदा अर्धाच पोचतो, याचं आम्हाला वाईट वाटतं.

सबमिट केल्यावर क्रमांक मिळतो, पीडीएफ उतरवता येते. हा या सेवेचा खरा लाभ. अमुक तारखेला, अमुक वेळी तुम्ही सरकारला कळवलं होतं, हे नंतर कोणालाही नाकारता येत नाही. पण इथेच थांबून वाट पाहत बसणं महागात पडतं. पोर्टलची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. ती संबंधित पोलिसांकडे पाठवली जाते आणि गुन्हा दाखल करायचा निर्णय तिथे होतो. म्हणून दोन-तीन दिवसांत पीडीएफ, प्रिंट आणि पेनड्राइव्ह घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जा.

तिथे जाताना कायद्याची ही माहिती जवळ असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत ते ३५४ ड होतं. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क करणं, किंवा ती इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक माध्यम कसं वापरते यावर पाळत ठेवणं, दोन्ही यात येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे नुसती ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून भागत नाही. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, त्यामुळे आरोपी लवकर बाहेर येईल हे गृहीत धरून स्वतःची काळजी घ्या.

‘स्पष्ट नकार’ सिद्ध करावा लागतो. म्हणून एकच मेसेज पाठवा: ‘मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. पुन्हा मेसेज, फोन करू नका.’ त्याचा शॉट ठेवा आणि त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नका. भावाने, मामाने त्याला शिवीगाळ केली तर त्याचे शॉट समोरचा वकील कोर्टात दाखवतो. ते टाळा.

खोट्या प्रोफाइलला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क आणि ६६ ड, खासगी अवयवांचे फोटो काढण्या-पसरवण्याला ६६ ई, अश्लील मजकुराला ६७ आणि ६७ अ लागतं. नाव लपवून धमकी देण्यासाठी न्याय संहितेत ३५१ चं चौथं उपकलम आहे. पुरुष पीडित असेल तर कलम ७८ लागत नाही, पण धमकी, खंडणी, ओळखचोरी आणि बदनामीची कलमं त्यालाही तेवढीच लागू आहेत.

कलम ७८ च्या तक्रारीत बाईची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, ते मागून घ्या. ठाण्याने ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा एफआयआर, मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो हक्क आहे. ऑनलाइन दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते, तेव्हा तसं सांगितलं तर ती कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारून लिहून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.

मजकूर उतरवण्याचं काम पोर्टलवर सोडू नका. त्याच दिवशी, पुरावा घेऊन झाल्यावर, त्या माध्यमाच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नग्नता, लैंगिक कृती, मॉर्फ केलेला फोटो किंवा तोतयेगिरी असेल आणि तक्रार स्वतः पीडित व्यक्तीने केली असेल, तर २०२१ च्या नियमांनी कंपनीला २४ तासांची मुदत घालून दिली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आणली आहे. कंपनीने नकार दिला तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. समिती २०२३ पासून काम करते आणि त्यासाठी वकील लागत नाही. या सोयीची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

फोटो अजून पसरलेला नाही, फक्त धमकी आहे, अशा वेळी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही ब्रिटनमधल्या संस्थेची मोफत सेवा आम्हाला पोर्टलपेक्षा जास्त उपयोगी वाटते. तिथे फोटो अपलोड होत नाही. फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इंस्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कोणी टाकायला गेलं तर ओळखून अडवता येतो. मिळालेला केस क्रमांक आणि पिन लगेच लिहून ठेवा, पिन हरवला तर परत मिळत नाही. मर्यादाही समजून घ्या. फोटोची प्रत तुमच्याकडे असावी लागते, फोटोत बराच फेरफार केला असेल तर ठसा जुळेलच असं नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या खासगी चॅटमध्ये ही सेवा पोचत नाही. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. त्याखालच्यांसाठी अमेरिकेतली ‘टेक इट डाउन’ तशीच चालते. मुलीचं वय १८ च्या आत असेल तर तसा फोटो ‘पुरावा’ म्हणूनही कोणाला पाठवू नका, शिक्षकाला नाही, पत्रकारालाही नाही. पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब नुसार तो बाळगणं-पसरवणंच गुन्हा ठरतो. थेट पोलीस, किंवा मुलांची हेल्पलाइन १०९८.

समोरच्याला तुम्ही कुठे आहात, कोणाशी बोललात हे आपोआप कळत असेल, तर छळ फोनच्या आतून चालू आहे. व्हॉट्सअॅपचे लिंक्ड डिव्हाइसेस, गुगल खात्यातली ‘तुमची डिव्हाइसेस’, गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग आणि अॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचं वाचण्याची) परवानगी घेतलेली अनोळखी अॅप्स या चार जागा पाहा. हेरगिरीचं अॅप सापडलं तर लगेच काढू नका, आधी शॉट घ्या. काढल्याबरोबर त्याला कळू शकतं आणि तो बिथरण्याची शक्यता असते. तोवर पोलिसांशी बोलणं दुसऱ्या फोनवरून करा. धोका अंगावर आला तर ११२, बाईसाठी महिला हेल्पलाइन १८१.

नंबर आणि फोटो बाहेर जातात कुठून? आपल्याकडे एक मोठी वाट लग्नाच्या बायोडाटाची आहे. समाजाच्या वधू-वर ग्रुपवर मुलीचा फोटो, जन्मवेळ, गाव, कॉलेज आणि मोबाइल एकाच पानावर शेकडो अनोळखी माणसांकडे जातो. त्या पानावर वडिलांचा किंवा मामाचा नंबर द्या आणि फोटोवर तिरकं नाव व तारीख टाका. मोबाइल दुरुस्तीला देताना गॅलरी लॉक करून द्या. तुमच्या नावावर कोणी सिम घेतलं आहे का, ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर पाहता येतं.

पोर्टलवर महिनाभर ‘प्रक्रियेत’ हेच दिसत असेल आणि ठाण्यातूनही हालचाल नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या उपकलमाने पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार द्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला तिथे मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. फोन १५१००. अर्जाला पोर्टलची पीडीएफ, ठाण्याची पोच आणि अधीक्षकांना पाठवलेल्या टपालाची पावती, तिन्हींच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद स्वतःकडेच ठेवा.